मुन्शीजींचा मशविरा

माणिकराव मुन्शींनी आयुष्यात गांजाचं एक रोप लावलं नाही, शिंदीच्या झाडाला कोयता लावला नाही, अफूची गोळी विकली नाही की चिलमीला तोंड लावलं नाही. सुपारीसुद्धा ते खात नसत. सोनपेठच्या बाजारात त्यांच्याइतका निर्व्यसनी माणूस शोधून सापडला नसता. आणि तरीही पोलीस ॲक्शननंतरच्या चार वर्षांत आसपासच्या गावांतली जेवढी माणसं नशेच्या पदार्थांपायी आमच्या कोर्टाची पायरी चढली, त्यांतली निम्मी मुन्शीजींच्या स्टुलासमोरून उठून आलेली होती.

परवा त्यांच्या नातवाचं पत्र आलं. मुन्शीजींच्या स्मरणार्थ काहीतरी छापायचं चाललं आहे. पत्रात त्यांना ‘गोरगरिबांचे मार्गदर्शक’ म्हटलं आहे आणि जुना परिचित म्हणून माझ्याकडं आठवणीचे दोन शब्द मागितले आहेत. मुन्शीजींबद्दल माझ्याकडं दोनच शब्द आहेत, पण ते छापता येण्यासारखे नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो. नातवाला हे पाठवणार नाही. तो बिचारा शाळेत शिकवतो, त्याचा यात काही दोष नाही.

निजामाच्या राज्यात मुन्शीजी आबकारीच्या ठाण्यावर लिखापढीला होते. दारू, शिंदी, गांजा, अफू यांच्या विक्रीचे परवाने द्यायचे आणि चोरून कुणी काही पिकवत, गाळत असेल तर पकडायचं, हे आबकारीचं काम. निजामाचं राज्य गेलं, खात्यात छाटणी झाली आणि मुन्शीजी घरी बसले. त्यांना दुःख झालं हे मी नाकारत नाही. पण ते दुःख पगाराचं नव्हतं, घरची चाळीस एकर काळी जमीन होती. सकाळी दहा वाजता समोर हात जोडून उभी राहणारी माणसं आता उभी राहत नव्हती, हे त्यांना सोसवेना. लाल तुर्की टोपी टाकून त्यांनी पांढरी टोपी घातली ती तिसऱ्याच दिवशी. आमच्या हेडक्लार्कला तेवढ्याच कामाला महिना लागला होता. शेरवानी मात्र मुन्शीजींनी ठेवली. शेरवानी दिसली की खेड्यातला माणूस आपोआप उठून उभा राहतो, असा त्यांचा अनुभव होता आणि तो खराही होता.

बाजाराच्या दिवशी ते चहाच्या हॉटेलापुढं कडुलिंबाखाली स्टूल टाकून बसत. एकच स्टूल. दुसरं कधी मागवलं नाही, कारण येणाऱ्यानं खालीच बसायचं होतं. जमिनीची भानगड, भाऊबंदकी, जुना परवाना, नवं फर्मान, काहीही घेऊन लोक येत. मुन्शीजी डोळे मिटून ऐकत आणि उजव्या कानाची पाळी ओढत. मग म्हणत, “मला काय कळतंय बाबा, मी आता सरकारी माणूस राहिलो नाही.” माणूस पुन्हा विचारी. “राहू दे, उगाच माझ्या तोंडून कशाला वदवतोस?” माणूस तिसऱ्यांदा पाया पडून विचारी. मग मुन्शीजी मशविरा देत. सल्ला हा शब्द त्यांना हलका वाटे. तीनदा विचारायला लावण्यात लाजाळूपणा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. पुढं प्रकरण अंगाशी आलं की ते चारचौघांत सांगत, “त्यानं तीनदा विचारलं म्हणून मशविरा दिला. अंमल ज्याचा त्यानं केला.”

एवढं बोलून ते चहाची बशी तोंडाला लावत. ज्यानं अंमल केला तो तोवर ठाण्यात पोचलेला असे.

मी त्या वेळी तालुक्याच्या कोर्टात तर्जुम्याला होतो. आमचे न्यायाधीश मुन्सिफ साहेब मद्रासकडून आलेले. त्यांना उर्दूतल्या जुन्या मिसली, म्हणजे प्रकरणांच्या फायली, वाचता येत नव्हत्या आणि इथल्या माणसांचं बोलणं कळत नव्हतं. दोन्ही गोष्टी इंग्रजीत करून देणं हे माझं काम. छापील उर्दू मी शाळेत शिकलो होतो, पण ठाण्यांच्या मिसली घाईच्या मोडक्या अक्षरात लिहिलेल्या असत. ते अक्षर वाचायला मला मुन्शीजींनी शिकवलं. सुटीच्या दिवशी मी सोनपेठला त्यांच्या घरी जायचो. ते मला ‘बर्खुरदार’ म्हणायचे, म्हणजे बाळ म्हणा किंवा चिरंजीव म्हणा. मला ते आवडायचं. सव्वीस वर्षांच्या कारकुनाला कुणी बर्खुरदार म्हटलं की बरं वाटतं, नाही कशाला म्हणू?

अशाच एका सुटीत आम्ही जुन्या फौजदारी कायद्याचं पुस्तक वाचत बसलो होतो. त्यात एक कलम आलं. जो दुसऱ्याला गुन्हा करायला लावतो, चिथावतो, रस्ता दाखवतो, तो गुन्हा करणाऱ्याइतकाच सजेला पात्र आहे, असा त्याचा अर्थ. नव्या कायद्यातही तेच होतं. मी मुन्शीजींकडं पाहिलं. ते जराही गडबडले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “है तो सही, बर्खुरदार. पण साबित कोण करणार? केलेलं जमिनीवर राहतं, बोललेलं हवेत जातं.” आणि पान उलटलं. म्हणजे आपण काय करतो हे त्यांना कलमासकट ठाऊक होतं. अडाणी माणसानं अडाणी माणसाला भलतं काही सांगितलं तर मी समजू शकतो. हे तसं नव्हतं. मला आज त्यांची किळस येते ती या पान उलटण्यामुळं.

शिंदी काढणाऱ्या लिंगूचं प्रकरण आधीच होऊन गेलेलं होतं. शिंदीच्या झाडांवर निजामाच्या आबकारीनं नंबर टाकलेले असत आणि परवाना घेतल्याशिवाय नंबराच्या झाडाला हात लावायचा नाही, असा नियम होता. मुन्शीजींनी लिंगूला मशविरा दिला की झाडावरचा नंबर निजामाचा, निजाम गेला तसा नंबरही गेला, आता झाड नुसतं झाड आहे. लिंगूनं ओढ्याकाठच्या अकरा झाडांना मडकी बांधली. आठव्या दिवशी त्याला धरलं. मुन्शीजी त्याच्या घरी समाचाराला गेले, त्याच्या म्हाताऱ्या आईला धीर दिला, आणि तिनं केलेलं जेवण जेवून आले. परत येताना मला रस्त्यात भेटले तर म्हणाले, “बाई हाताची चवदार आहे.” लिंगू आत असताना त्याच्या घरी जेवणारा हा एकटाच माणूस असावा.

तेव्हा मी हसलो होतो. मलाही ती गंमत वाटली होती. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिलं पाहिजे.

आता भिवाचं सांगतो. भिवा मेंढका गोदावरीच्या अलीकडं एका वाडीवर राहायचा. शंभरेक मेंढरं, थोड्या शेळ्या आणि वाडीला लागून दीड एकर बरड जमीन. त्या बरडात तो तूर पेरायचा. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, म्हणजे त्यांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळतं, आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परतायचं, असा त्याचा वर्षाचा क्रम. सोबत बायको गोजराबाई आणि एक म्हातारा चुलता. हे मेंढरं फिरवणं भिवाच्या पायांवर चालायचं. तो घरी बसला तर शंभर जित्राबांना वाडीवर महिनाभर पुरेल एवढाही चारा नव्हता.

भिवा मुन्शीजींकडं गेला तो चराईच्या जुन्या परवान्याचं विचारायला. तो कागद आता चालेल का, एवढाच त्याचा प्रश्न. मुन्शीजींनी त्याचं उत्तर दिलंच नाही. उलट त्यालाच विचारायला लागले, बरडात काय पेरतोस, मेंढरं तिथं बसवतोस का, किती दिवस. मग म्हणाले, एवढी खताची जागा आणि तू तूर पेरतोस? इथं नेहमीचा तीनदा विचारण्याचा प्रकारही झाला नाही. भिवानं विचारलंच नव्हतं. मुन्शीजी स्वतः होऊन पुढल्या आठवड्यात बैलगाडीतून वाडीवर गेले. खरं कारण मला वाटतं असं, की बाजारात त्या दिवसांत त्यांच्याकडं गर्दी कमी झाली होती. लिंगूच्या प्रकरणानंतर लोक जरा बिचकले होते. विचारायला कुणी येईना, म्हणून हे सांगायला निघाले.

वाडीवर त्यांच्यासाठी बोकड पडलं. जेवण झाल्यावर त्यांनी मशविरा दिला. तो मला पुढं कोर्टात शब्दाशब्दानं ऐकायला मिळाला. जुनं सरकार गेलं, त्याचा गांजाचा कायदा त्याच्याबरोबर गेला. नवा कायदा दिल्लीहून निघालेला आहे, मनमाडपर्यंत आला आहे, इथं पोचून लागू व्हायला दोन पिकं निघतील. तोवर ज्यानं पेरलं त्याचं साधलं. तुरीच्या ओळीत मधेमधे लावायचं, कारण उघड्यावर दिसलं तर पिकाला नजर लागते. शिकवणाऱ्याचं नाव कुणापुढं काढायचं नाही, त्यानंही पीक बिघडतं. भिवाला हे सगळं पटलं. नजर लागते हे त्याला माहीत होतं. पुढारलेल्या माणसांच्या सगळ्याच गोष्टी गाडीनं येतात, तर कायदाही गाडीनंच येत असणार, हेही त्याला पटलं. मुन्शीजींनी त्याला बेलभंडार उचलायला लावला. देवाचा भंडारा आणि बेलाचं पान हातात धरून भिवानं शब्द दिला की मुन्शीसाबाचं नाव मरेपर्यंत तोंडातून निघणार नाही.

गोजराबाई थोडी अलीकडं बसून लोकर कातत होती. तिनं तिथूनच विचारलं की कायद्याचं काम असेल तर नाव कशाला लपवायचं. मुन्शीजी हसले आणि भिवाला म्हणाले, बायकांना काय कळतंय. तिला बेलभंडार उचलायला सांगावं हे त्यांच्या मनातही आलं नाही. बाईमाणसाच्या ऐकण्याला ते ऐकणंच समजत नसत.

त्यानंतर ते आणखी दोनदा वाडीवर जाऊन आले. पीक बघायला.

दिवाळीच्या आधी एका दुपारी आबकारीचा जमादार दोन शिपायांना घेऊन सायकलवरून वाडीच्या वाटेनं चालला होता. त्याचं काम दुसऱ्याच गावाला होतं. वाटेत वीस-पंचवीस मेंढरं आडवी पसरलेली. घंटी वाजवली, ओरडून झालं, शिपायानं काठी आपटली, मेंढरं उठेनात. एक उठलं ते चार पावलं तिरकं चालून पुन्हा बसलं. जमादारानं भिवाला विचारलं, ह्यांना झालंय काय. भिवा म्हणाला, तुरीतला पाला खाल्ला, कुंपण मोडून आत शिरली होती. तुरीच्या पाल्यानं मेंढरू असं होत नाही, हे जमादारालाही कळत होतं. त्यानं कोणता पाला म्हणून विचारलं, आणि भिवानं त्याला हाताला धरून रानात नेलं. कायदा अजून मनमाडला आहे, अशी त्याची खात्री होती. त्यानं झाडं दाखवली. जमादाराचं म्हणणं असं, की इतक्या कौतुकानं आपला गुन्हा दाखवणारा माणूस त्याच्या नोकरीत दुसरा भेटला नाही.

भिवा जामिनावर सुटला, पण पेशीच्या तारखांमुळं त्याला मेंढरं घेऊन बाहेर पडता येईना. पेशीला दोघं नवरा-बायको चालत यायचे. मुन्सिफ साहेब प्रत्येक वेळी विचारायचे, बी कुठून आलं, कुणी सांगितलं, मी तर्जुमा करायचो, आणि भिवा जमिनीकडं बघून म्हणायचा, “मपलं मीच केलं.” साहेब भला माणूस होता. हा मेंढका एकट्याच्या अकलेनं हे करणार नाही, हे त्याला दिसत होतं. पण आरोपीच बोलत नसेल तर तो काय करणार? आणि मुन्शीजी प्रत्येक पेशीला मागच्या बाकावर हजर. मशविरा कुणाचा, हे मला त्यावरूनच कळलं. मी त्यांना विचारलं, तुम्ही कशाला येता. म्हणाले, “बेचाऱ्याला धीर वाटतो.”

तिसऱ्या पेशीच्या आधी गोजराबाईनं मला व्हरांड्यात गाठलं. तिला एकच गोष्ट विचारायची होती.

“दादा, सांगनाऱ्याचं नाव निघालं तर ह्यायला सोडतेत का?”

मला कलम ठाऊक होतं. सांगणारा सापडला म्हणून करणारा सुटत नाही, दोघंही तेवढेच गुन्हेगार. मी तिला हे सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “बोल तू. साहेब विचार करतील.” तिनं त्याचा अर्थ सोडतील असा घेतला. ती तसा घेणार हे मला दिसत होतं. पण मुन्शीजी एकदा पिंजऱ्यात उभे राहिलेले बघायची मला इतकी घाई झाली होती, की मी तिथून निघून आलो.

गोजराबाईनं त्या दिवशी साक्ष दिली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण शंभर मेंढरं तोंडावरून ओळखणारी बाई ती, ऐकलेलं काही विसरायची नाही. मुन्शीजींचा सगळा मशविरा तिनं त्यांच्याच शब्दांत म्हणून दाखवला. जे उर्दू शब्द तिला कळत नव्हते तेही तसेच्या तसे. एका शब्दाचा अर्थ साहेबांनी विचारला तर म्हणाली, “मला काय ठावं साब? त्यायनं म्हनलं ते सांगायले.” भिवा कठड्याला धरून उभा होता. त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्यानं उचललेला बेलभंडार त्याच्या घरातच मोडला होता.

मुन्शीजी मागच्या बाकावर शांत बसून कानाची पाळी ओढत होते. साहेबही जरा वेळानं म्हणाले, आरोपीची बायको नवऱ्याला वाचवायला काहीही बोलेल, एकट्या तिच्या शब्दावर दुसऱ्या माणसाला धरता येणार नाही. मी तिला ते समजावून सांगितलं. तिनं एकदा मागच्या बाकाकडं बघितलं आणि म्हणाली, “मंग ऱ्हाऊ द्या. पर एक सांगते साब. ह्या मुन्शीसाबाला गांजातलं काईच कळत न्हाई. त्यायनं सांगितलं, एक बी झाड उपटू नका, सगळे ठिवा. म्हून निम्मे झाडं वांझ निघाले. आमी लय राबलो, सगळं मातीत गेलं.”

मी साहेबांकडं वळून तर्जुमा करायला लागलो आणि मागून बाक सरकल्याचा आवाज आला. मुन्शीजी उभे राहिले होते. त्यांना कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.

“झूट. साफ झूट, हुजूर,” ते म्हणाले. “नर झाडं ओळखून उपटायची, हे मी हिच्या नवऱ्याला दोनदा सांगितलं. जातीनं रानात उभा राहून दाखवलं. यांनीच ऐकलं नाही.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या सगळ्या नोकरीतला तो सगळ्यात सोपा तर्जुमा होता. वाक्य संपेपर्यंत मुन्शीजींच्या लक्षात आलं असावं, कारण ते हळूच खाली बसायला लागले होते. साहेबांनी त्यांना उभंच राहायला सांगितलं.

वर्षानुवर्षं ज्यानं आपली जीभ इतकी जपून वापरली, तो माणूस एका मेंढकीनं अडाणी म्हटल्यावर तीन वाक्यांत सगळं ओकला. तुरुंगाची भीती, अब्रूची भीती, काहीही त्याला थांबवू शकलं नाही. मी नंतर गोजराबाईला विचारलं, त्यांनी खरंच एकही झाड उपटू नका म्हणून सांगितलं होतं का. ती म्हणाली, “न्हाई. उपटा म्हनले व्हते. दोनदा.” शपथेवर खोटं बोलली होती. मी ते साहेबांना सांगितलं नाही. मला कुणी त्याचा तर्जुमा करायला सांगितला नव्हता.

मुन्शीजी आरोपी झाले. मग चौकशी झाली, आणि तिच्यात लिंगू स्वतः होऊन येऊन बोलला, आणखी दोघे-तिघे बोलले. मुन्शीजींनी परभणीहून वकील आणला. वकिलांनी बराच वेळ हेच सांगितलं की माझ्या अशिलानं रोपाला हात लावलेला नाही. साहेबांनी ते मान्य केलं. निकालात त्यांनी लिहिलं की हात लावला नाही हे खरं आहे आणि त्यानं काही फरक पडत नाही. सांगणाऱ्याला आणि करणाऱ्याला सारखीच सजा दिली. तीन महिने.

मी निकालाचा तर्जुमा करून भिवा आणि गोजराबाईला सांगितला. भिवानं मान हलवली. गोजराबाईला वाटलं माझं काहीतरी चुकतंय. तिनं मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, “मंग म्या बोलून काय झालं?” मी कागद गोळा करायला लागलो. काय झालं ते ती बघतच होती. नवरा तिच्याशी गेल्या तीन पेश्या बोलत नव्हता, तो तुरुंगात चालला होता, आणि वाडीवर शंभर मेंढरं एका म्हाताऱ्याच्या भरवशावर उपाशी उभी होती.

दोघांना परभणीच्या तुरुंगात न्यायचं होतं. दुपारची मोटार कचेरीसमोरून निघायची. एकच बेडी होती, तिच्यात मुन्शीजींचा डावा हात आणि भिवाचा उजवा. शिपाई मोटारीच्या दाराशी बिडी ओढत होता. मुन्शीजींच्या घरून मोठी वळकटी आली होती, सतरंजी, गादी, उशी, सगळं दोरीनं बांधलेलं. भिवाजवळ खांद्यावरच्या घोंगडीशिवाय काही नव्हतं. मुन्शीजी त्याच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होते. वर अपील कसं करायचं, कुणाकडं जायचं, काय बोलायचं. आणि भिवा ऐकत होता. खरोखर मन लावून ऐकत होता. गोजराबाई चार हातांवर उभी राहून ते बघत होती.

मोटार सुरू झाली. मुन्शीजींनी पायानं वळकटी दाखवली आणि भिवाला म्हणाले, “उचल रे.”

भिवा वाकला. डाव्या हातानं त्यानं दोरी धरलीसुद्धा. मग त्यानं मान वर करून बायकोकडं बघितलं. भिवानं दोरी सोडली आणि सरळ उभा राहिला.

“उचल म्हणतो ना.”

“तुमचं तुमी उचला,” भिवा म्हणाला. मग बायकोला म्हणाला, “मेंढरं मपल्या मामाच्या रानाकडं ने. म्या येतो.” एवढ्या दिवसांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला. तिनं पदर तोंडाला लावला.

मुन्शीजींचा उजवा हात मोकळा होता. वळकटी त्यांच्या पायाशी पडलेली होती. त्यांनी शिपायाकडं बघितलं, शिपायानं तोंड फिरवलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर लाज नाही, राग नाही, नेहमीचंच शांत तोंड.

“बर्खुरदार,” ते म्हणाले, “जरा वर ठेवा.”

मी उचलली. विचार करायच्या आधी उचलली, खांद्यावर घेतली, मोटारीच्या मागच्या शिडीवर दोन पायऱ्या चढून टपावर नीट ठेवली, पडू नये म्हणून कडेच्या गजाला दोरी बांधली. खाली उतरलो तेव्हा मुन्शीजी आत जाऊन खिडकीशी बसले होते. त्यांनी मला मान डोलावून शाबासकी दिली. मोटार धूळ उडवत निघून गेली.

“तुमी बी का, दादा?” गोजराबाई म्हणाली.

मी कचेरीच्या पायऱ्या चढून आत आलो. तिला तिथंच उभी ठेवून.